समुद्रात उभी राहिलेली आत्या

आमच्या आत्याला दुसऱ्याची चूक फार लांबून दिसायची, आणि दिसली की तिला गप्प बसवत नसे. भोपाळच्या बाग सेवनियातल्या आमच्या कॉलनीत कुणाच्या गच्चीवरची टाकी वाहू लागली की घरमालकाच्या आधी आत्याला कळायचं. पायात चपला सरकवून ती त्या घरासमोर जाऊन उभी राहायची आणि खालून हाक मारायची, "शर्माजी, टंकी बह रही है! पानी क्या मुफ्त का है?" शर्माजी बनियनवर जिना चढत सुटायचे. पोरांनी तिचं नाव 'दरोगा' ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं.

नागपूरची सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा आजोबा तिच्याबरोबर इथे आले. आत्या इथलीच, इथल्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिची माया रागावण्यातूनच वाट काढायची. मी एम. पी. नगरला कोचिंगला जायचे तेव्हा ती दुपारी डबा घेऊन फाटकाशी हजर. सगळ्या मुलांसमोर विचारायची, "समोसे खाऊन गणितं सुटतात का गं?" मग डोक्यावर पदर घेऊन, माझा शेवटचा घास संपेपर्यंत उन्हात उभी राहायची.

"मी आधी विचार करते, म्हणून चुकत नाही," असं ती अगदी साधेपणाने म्हणायची. त्यात बढाई नसे. तिला ते खरंच वाटायचं, आणि आम्हालाही.

मोठ्या तलावाच्या काठचं प्लास्टिक ती कित्येक वर्षं रविवारी वेचत होती. सिंधुदुर्गातल्या एका लहानशा गावाबद्दल तिने कुठेतरी वाचलं. तिथले कोळी तुटलेल्या जिवंत प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या ठोकळ्यांवर बांधून समुद्रात पुन्हा वाढवतात. "अशी माणसं एकदा डोळ्यांनी बघायची आहेत मला," ती म्हणाली. मी गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातून रजा काढली आणि आम्ही निघालो.

गाव शांत होतं. आम्ही सुलभाताईंच्या घरी उतरलो. त्या आणि त्यांचे यजमान या कामात पुढे होते. शेजारच्या खोलीत नाशिकच्या एका कॉलेजची दोन मुलं होती, त्यांच्या सरांनी आठवडाभर काम शिकायला पाठवलेली. त्यातला ओंकार फार हसरा. सकाळी पाण्यात उतरण्याआधी सुलभाताई सांगत होत्या, "काय पण झाला तरी खाली पाय टेकू नकात. प्रवाळ जिवंत आसा." ओंकार मित्राच्या कानात काहीतरी बोलून हसला. आत्याने लगेच झापलं, "लक्ष कुठे आहे? त्या काय भिंतीशी बोलतायत?" तो ओशाळला आणि सॉरी म्हणाला.

आम्ही जॅकेट आणि पाण्यातला चष्मा घालून, छातीभर पाण्यात दोरी धरून तरंगलो. वर आल्यावर आत्या एवढंच म्हणाली, "छान आहे." मला ते कमीच वाटलं, पण ती दमली असेल म्हणून मी सोडून दिलं.

संध्याकाळी सुलभाताईंचे यजमान पुन्हा पाण्यात जाऊन आले. एक ठोकळा आडवा झाला होता आणि त्यावरचा वाढलेला प्रवाळ चुरा होऊन पडला होता. अंगणात माणसं जमली. कुणी आवाज चढवला नाही. कोण कोण उतरलं होतं एवढंच विचारलं.

"आम्ही तिकडे गेलोच नव्हतो," ओंकार म्हणाला.

आणि मी, मला कुणी विचारलेलं नसताना, बोलले, "यांनी सकाळी नीट ऐकलंच नव्हतं."

सगळ्यांच्या माना मुलांकडे वळल्या. आत्या कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. त्या दमट उकाड्यात तिने पायात मोजे घातले होते. ती काही बोलली नाही. सुलभाताईंच्या यजमानांनी कॉलेजच्या सरांना फोन केला. सरांनी मुलांना ताबडतोब परत बोलावलं. रात्रीच्या शेवटच्या गाडीने दोन्ही मुलं गेली. ओंकारने जाताना कुणाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला चालवेना. सुलभाताईंनी कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि तिचा मोजा हलकेच काढला. तळव्याला दोन खोल चिरा होत्या, कडा लाल होऊन सुजलेल्या. कशाने कापलं आहे हे समुद्रात रोज उतरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. त्या खाली मान घालून जखम धुत राहिल्या.

"चष्म्यात पाणी शिरलं," आत्या म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. "मी घाबरले. उभी राहिले. पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. मीच ती."

सुलभाताईंनी वर बघितलं. "पडलास काय तुम्ही? आणखी खय लागला नाय मां?"

आत्याने तोंडाला पदर लावला. त्यांनी ओरडायला हवं होतं, असं ती नंतर मला म्हणाली. ओरडल्या असत्या तर तिला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

त्या दुपारी तिने लंगडत अंगणात येऊन सगळ्यांसमोर तेच सांगितलं. लोक "असा होता, आजी, कधीकधी" म्हणून आपापल्या कामाला लागले. सरांना आणि ओंकारच्या मित्रालाही तिने स्वतः फोन केला. ओंकारने मात्र फोन उचलला नाही. मग सुलभाताईंकडून पत्ता घेऊन ती म्हणाली, "नाशिक वाटेवरच आहे. उतरायचं."

मी म्हटलं, "पायाच्या जखमेने ताप चढलाय तुला. पत्र लिही."

"पत्र तो फाडेल, आणि बरोबरच करेल," ती म्हणाली. "त्याने माझं तोंड बघायला हवं."

नाशिक रोडला उतरून, रिक्षा करून आम्ही ओंकारच्या घरी पोचलो. दार त्याच्या आईने उघडलं. पाणी दिलं. ओंकार आतून आला आणि आम्हाला बघून दारातच थांबला. मला त्याच्याकडे बघवेना. सुलभाताईंच्या अंगणात मी उच्चारलेलं ते एक वाक्य मला आठवत होतं.

आत्या उठून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. "ते मी मोडलं होतं," ती म्हणाली. "तुला सगळ्यांनी दोषी धरलं तेव्हा मी तिथेच बसले होते. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. चुकलं माझं, बाळा."

"माझंही," मी म्हटलं. ते कुणाला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

त्याची आई एकदा आत्याकडे, एकदा ओंकारकडे बघत राहिली.

"मग तू मला का नाही सांगितलंस, की तू केलं नाहीस म्हणून?" तिने विचारलं.

"सांगितलं होतं, आई," तो म्हणाला.

ती बाई उभ्या जागी पांढरी पडली. चहा टाकते असं काहीतरी पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली, आणि बराच वेळ आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही. आत्या दुखऱ्या पायावर तशीच उभी होती. शेवटी ओंकारने खुर्ची ओढून तिच्यामागे ठेवली आणि तो आईकडे आत गेला.