फळ्याची उजवी बाजू

वानखडे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढताना. बी.ए.चं पहिलं वर्ष, मानसशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र एकत्र शिकवणारा अमरावतीतला आमचा वर्ग. अर्धी पोरं टीव्हीवरच्या खुनाच्या मालिका पाहून आलेली. मॅडम रोज अकोल्याहून यायच्या. डब्याची पिशवी टेबलावर ठेवून त्या थेट खडू उचलायच्या. रेघेच्या डावीकडे त्यांनी लिहिलं, 'कोनी?' उजवीकडे, 'कावून?'

"समजा, मोटरसायकल चोरीले गेली. डावीकडचं पोलीस पाहून घेतीन. आपल्याले वर्षभर उजवीकडं बसाचं हाय."

पुण्याहून तपासणीला आलेल्या एका सरांनी सुचवलं, प्रमाण भाषेत 'का' लिहा. मॅडम म्हणाल्या, "सर, 'का' म्हटलं का आमचं पोरगं हात मागं बांधून उभं राह्यते. 'कावून रे' म्हटलं का बसून सांगते."

मी पारधी. दर्यापूरजवळच्या बेड्यावरचा, म्हणजे आमच्या वस्तीवरचा. वर्गात मी गाव नुसतं 'दर्यापूर' सांगितलं होतं. इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, तो धडा आला. प्रवेश मॅडमनीच दिलेला, त्यांना सगळं माहीत होतं. पूर्ण तासात त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही. एवढी माया मला पुन्हा कोणी केली नाही.

समाज माणसावर शिक्का कसा मारतो, हे आम्ही मग शिकलो. परीक्षेत सगळ्यांनी झकास लिहिलं. आणि होस्टेलवर वर्गातल्या प्रफुल्लचा मोबाईल हरवला, तेव्हा त्याच पोरांनी पोलिसांना माझी खोली दाखवली. माझं गाव त्यांनी केव्हाच शोधून ठेवलं होतं.

दुपारी मी ठाण्यातल्या बाकड्यावर. मॅडम तास सोडून आल्या, माझ्या शेजारी बसल्या. मला काहीच विचारलं नाही. डबा उघडून भाकर माझ्या हातात दिली.

हवालदार म्हणाले, "मॅडम, हा तुमचा कोन लागते?"

"विद्यार्थी. याले कावून आनलं?"

"चोरी झाली ना."

"ते 'कोनी' झालं. मी 'कावून' विचारून राहिली."

हवालदार खाली पाहत म्हणाले, "आता आडनाव पाहा ना मॅडम."

"पाह्यलं. मंग?"

ते उठून पाणी प्यायला गेले. संध्याकाळच्या आत मोबाईल सापडला, प्रफुल्लच्याच धुवायच्या कपड्यांत. मला जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी फळ्यावर रेघ ओढली, उजवी बाजू कोरी ठेवली आणि खुर्चीत बसून राहिल्या. घंटा झाली. वर्गातून कोणी तोंड उघडलं नाही, अजूनही उघडलेलं नाही.

मॅडम आता साठीच्या झाल्या. त्या निवृत्त होताहेत आणि त्यांच्यासोबत तो वर्गही बंद होतो आहे. पोरं मिळत नाहीत म्हणे. माझी धाकटी बहीण रेखा त्याच वर्गासाठी आली होती, तिला दुसरा विषय घ्यायला लावला. निरोपाला शाल आहे, श्रीफळ आहे, हा जाडजूड गौरवग्रंथ आहे. गौरव समितीत प्रफुल्ल आहे. ग्रंथातल्या या लेखासाठी फोन त्याचाच आला.

"कडू नको लिहू गड्या, मॅडमचा कार्यक्रम हाय."

"कार्यक्रम हाय, त वर्ग कावून नाही?"

"वरून ठरलं."

कोणी ठरवलं, तेही सांगितलं नाही. म्हणजे आता डावी बाजूसुद्धा कोरी.

मॅडम, तुम्ही भरपूर जगा. गुडघे सांभाळा, अकोला-अमरावतीची सवय मोडू देऊ नका. ठाण्यातलं ते बाकडं अजून जागेवर आहे, आणि रेखा या महिन्यात होस्टेलवर राहायला येते आहे. गाव विचारलं तर ती बेड्याचं नाव सांगणार आहे.