टेकाड उतरायचं होतं: बहरीनमध्ये माउंटन बाईकचा कोर्स शोधताना

बहरीनमध्ये मी माउंटन बाईक चालवते असं सांगितलं की गुहागरची आमची माणसं आधी हसतात. "तिथे माउंटन कुठाय?" माउंटन नाहीच. देशाच्या दक्षिणेला चुनखडीची टेकाडं आहेत, आमच्या घाटातल्या एका वळणाएवढीही उंच नसतील. पण गेल्या मार्चमध्ये त्यातल्याच एका टेकाडावरून उतरताना मी हँडलवरून पुढे फेकली गेले आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. तेव्हापासून टेकाडाच्या उंचीवर विनोद करायचा हक्क फक्त माझा, असं मी घरात जाहीर केलंय.

हाड जुळलं. उन्हाळा संपला, नोव्हेंबर लागला, बाहेर मोकळा श्वास घेता येईल असे दिवस आले. बाईक मात्र गॅलरीत चादरीखालीच. एकदोनदा बाहेर काढली, सपाट रस्त्यावर ठीक जमलं, पण जरा उतार दिसला की मी मागे वळले. शेवटी प्रकाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तिचे फोटो काढले. "विकून टाकू या का? उगाच जागा अडवतेय," तो म्हणाला. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

हे शबानाला कळलं. शबाना आमची शेजारीण, मूळची म्हसळ्याची. तिचा नवरा आणि प्रकाश एकाच एसी कंपनीत आहेत, म्हणून मी तिची वयनी. दोन वर्षांपूर्वी एक डच कुटुंब घर आवरून परत निघालं होतं, त्यांच्याकडून आम्ही दोघींनी एकसारख्या दोन बाईक घेतल्या. शबाना तोवर जन्मात सायकलवर बसली नव्हती. घराजवळच्या जिदहफ्सच्या बाजारामागच्या मोकळ्या पार्किंगमध्ये मीच तिला शिकवलं. मी स्वतः शाळेत असताना बाबांच्या सायकलवर शिकले, वर कित्येक वर्षं चिपळूणला ॲक्टिव्हा चालवलेली. आणि आता बघा, शिकलेली टेकाडावरून सरसर उतरते आणि शिकवणारी वरच उभी. मोडलेल्या हाडापेक्षा हे जास्त दुखत होतं, खोटं कशाला सांगू?

"वयनी, बाईक इकायची नाय," शबाना म्हणाली. "जानेवारीत आम्ही कायमचं गावाला चाललो. त्याच्या आधी ती टेकडी आपण दोघींनी एकत्र उतरायची. मग तुला काय इकायचं ते इक."

तिच्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. म्हणजे आमचा हा शेवटचा हिवाळा. मी प्रकाशकडून एक वीकेंड मागून घेतला. माउंटन बाईकचं कौशल्य शिकवणारे तीन कोर्स इकडेतिकडे विचारून शोधले होते, तिन्ही ठिकाणी चाचणीचं एक सेशन घेता येत होतं. ठरलं, शुक्रवार-शनिवारात तिन्ही बघायचे. एक तरी जमला तर ठीक, नाहीतर रविवारी बाईकची जाहिरात टाकायची.

शुक्रवारी सकाळी शबानाच्या गाडीमागे दोन्ही बाईक बांधल्या. निघण्याआधी जिदहफ्समध्ये तंदूरवरून गरम खुब्ज, म्हणजे इथल्या रोट्या घेतल्या, आत चीज घालून. गाडीत खाण्यासाठी यासारखं दुसरं काही नाही, फक्त कपड्यांवर पीठ सांडतं. वाटेत बाब अल बहरीनच्या बाजारात थांबून मागच्या गल्लीत गुडघ्याची पॅडं घेतली. सकाळी लवकर गेलात तर तिथे पार्किंग मिळतं, दहा वाजून गेले की देवाचं नाव घ्यायचं.

पहिला कोर्स मनामातल्या एका मोठ्या गोदामात, एसी लावलेला. लाकडी उतार, फोमच्या गाद्या, भिंतीवर मोठा स्क्रीन. प्रशिक्षक तरुण आणि फार गोड बोलणारा. माझी बाईक दारातच ठेवायला सांगून त्याने त्यांची बाईक दिली. छोट्या लाकडी उतारावरून मी दोनदा उतरले, दोन्ही वेळा हातपाय लाकडासारखे. त्याने माझ्या उतरण्याचा स्लो मोशन व्हिडिओ दाखवला. स्वतःचा घाबरलेला चेहरा इतका मोठा आणि इतका सावकाश बघायची हौस मला नव्हती.

"मॅम, युवर बाईक इज नॉट द प्रॉब्लेम. द प्रॉब्लेम इज हिअर," त्याने स्वतःच्या हेल्मेटवर बोट ठेवलं. मग दहा सेशनचं कॉन्फिडन्स पॅकेज समजावलं. दहा सेशनच्या पैशांत आम्ही घरचे सगळे गावाला जाऊन आलो असतो, असं मला वाटलं. पण खरं सांगते, मन खचलं ते पैशांमुळे नाही. त्याचं म्हणणं मला पटलं होतं.

दुपारनंतर साखीरच्या वाळवंटाकडे गेलो. हिवाळ्यात तिथे तंबूच तंबू लागतात, कुटुंबंच्या कुटुंबं येऊन राहतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात गाडी जपून चालवा, पोरं कुठूनही धावत येतात. दुसरा कोर्स इथे, उघड्यावर. फी अगदी कमी, माणसं भरपूर. शिकवणारा एक उत्साही मल्याळी इंजिनिअर, सगळ्यांशी हिंदीत बोलायचा.

"डरने का नहीं! ब्रेक को भूल जाओ! यल्ला!"

यल्ला म्हणजे चला. एकेक जण यल्ला करत खाली गेला. शबानाही गेली, तिची ओढणी जॅकेटात नीट खोचलेली, पाठ सैल. खालून तिने हात हलवला. मी वर उभी राहिले, डाव्या हाताची बोटं ब्रेकवर इतकी घट्ट की सोडवायला उजवा हात लावावा लागला. मग बाईकवरून उतरले आणि ती हातात धरून चालत खाली आले. कुणी हसलं नाही. हसले असते तर निदान राग तरी आला असता.

रात्री झल्लाकला, समुद्राजवळच्या एका साध्या शॅलेमध्ये, म्हणजे भाड्याच्या बंगलीत राहिलो. शुक्रवारच्या रात्रीचा भाव जास्त असतो, जमत असेल तर मधल्या वारी जा. करक चहा घेतला, मासे भाजून मागवले. मी शबानाला सांगून टाकलं की उद्याचं रद्द करू या.

"मी मुळातच भित्री असेन गं. इतकी वर्षं कळलं नाही एवढंच."

"तू भित्री?" शबाना माशाचा काटा काढत म्हणाली. "मला पयल्या दिवशी सायकलवर बसवून हात सोडलास तेव्हा नाय वाटलीस. चल, उद्याचे पैसे भरलेत. खलास."

तिसरा कोर्स झल्लाकलाच, एका शेताच्या कडेला. शिकवणारी अबीर, बहरीनी, पूर्वी शाळेत खेळाची शिक्षिका होती. बाजारात शिकलेली हिंदी आणि थोडं इंग्रजी असं आमचं बोलणं चाललं, इथे मराठीत देते. तिने मला आधी बसवलं, चहा दिला आणि पडले कशी ते विचारलं. किती घाबरतेस ते विचारलं नाही. शबानानेच सांगायला सुरुवात केली, तर तिला हात करून थांबवलं. "हिला सांगू दे."

मी सांगितलं. वेग वाढला, मी ब्रेक दाबला, पुढचं चाक थांबलं आणि मी उडाले.

"कोणता ब्रेक?"

"मागचाच. पुढचा मी कधी दाबतच नाही."

अबीरने कप खाली ठेवला. "सायकल कुठे शिकलीस?"

"गावाला. इंडियात."

"आणि ही बाईक?"

"एका डच कुटुंबाची."

ती उठली, माझ्या बाईकचा पुढचा भाग उचलून धरला आणि चाक फिरवलं. "मागचा ब्रेक दाब," ती म्हणाली.

मी डावा ब्रेक दाबला. हवेत गरगर फिरणारं पुढचं चाक जागच्या जागी थांबलं.

मी परत दाबला. परत तेच झालं. शबाना तोंडावर हात ठेवून बघत होती. माझ्या डोक्यात बाबांचा आवाज, सायकलच्या सीटला मागून धरून धावताना दिलेला: उजवा दाबायचा नाही, उजवा पुढचा, तोंडावर आपटशील. आपल्याकडे सायकलचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, ॲक्टिव्हाचाही. मी आयुष्यभर इमानेइतबारे डावा दाबत आले. या डच बाईकचे ब्रेक उलटे आहेत, डावा पुढचा. सपाट रस्त्यावर हळू दाबला तर काही बिघडत नाही, म्हणून दोन वर्षं कळलंच नाही. आणि उतारावर जितकी घाबरले तितक्या जोरात दाबला, पुढचं चाक जाम करत गेले.

"इंडियातून आलेल्या सगळ्यांना मी हे आधी विचारते," अबीर म्हणाली. "तुझा हात तुला वाचवायला बघत होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?"

मी रडले. कालपासून जमलेलं, मार्चपासून जमलेलं सगळं बाहेर पडलं. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. माझ्यात काही मोडलं नव्हतं, हाड सोडून.

मग शबानाकडे वळले. "आणि तू गं? तू कशी नाही पडलीस?"

"मला काय ठाव पुढचा कुठला नि मागचा कुठला?" ती म्हणाली. "तू बोललीस दोन्ही एकत्र दाब, मी दोन्ही दाबते."

अबीरने दोन पर्याय दिले. हाताला नवी सवय लावायची, त्याला बरीच सेशन लागतील, किंवा ब्रेक अदलाबदल करायचे. माझ्या बाईकचे ब्रेक तारेचे आहेत, त्यामुळे काम सोपं. मी दुसरा पर्याय घेतला. गावाला गेले की ॲक्टिव्हा आहेच, हाताचा गोंधळ कशाला वाढवा? आम्ही बलालीत, म्हणजे गोड शेवयांवर अंड्याचं ऑम्लेट, खाऊन संपवेपर्यंत तारा बदलून झाल्या.

कोर्स मात्र तरीही लागतोच, हे तिने बजावलं आणि ते खरं आहे. पुढे कुठे बघायचं, वजन मागे कसं न्यायचं, पुढचा ब्रेक अजिबात न टाळता हळुवार कसा वापरायचा, हे सगळं सकाळभर केलं. आधी मातीच्या ढिगावर, मग छोट्या उतारावर. उन्हं कलायच्या आत तिच्याबरोबर मी पडले होते त्या टेकाडापाशी गेलो.

वर उभी राहिले. भीती होती, नव्हती असं नाही. पण या वेळी हाताला ब्रेक माहीत होता. "मफी मुश्किल," काही अडचण नाही, असं अबीर खालून ओरडली. शबाना माझ्या डावीकडे, एक चाक पुढे. आम्ही निघालो. मध्यावर खडी सरकली, मी डावा दाबला, मागचं चाक जरासं घसरलं आणि बाईक सरळ राहिली. खाली पोचल्यावर आम्ही दोघी काय ओरडलो ते लिहीत नाही, पण जवळच्या तंबूतली मंडळी बाहेर येऊन बघायला लागली.

तर, कोर्स निवडायचा असेल तर माझं ऐका. जो तुमची बाईक बघेल, तुम्ही चालवायला कुठे शिकलात ते विचारेल आणि आधी ऐकून घेईल, त्याच्याकडे जा. गोदाम, स्क्रीन, यल्ला हे सगळं नंतर.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी शिकवलेलं तू विसरली नव्हतीस," ते म्हणाले. "उलट फार लक्षात ठेवलंस." प्रकाशने न विचारताच फोनमधले बाईकचे फोटो पुसून टाकले.

अबीरकडे मी अजून जाते. शबाना गेल्या आठवड्यात गावाला गेली. त्याआधी तिची बाईक कार्गोने म्हसळ्याला पाठवायची होती. आम्ही सगळे तिच्या रिकाम्या हॉलमध्ये बसून बाईक कार्टनमध्ये भरत होतो. प्रकाश पाना घेऊन आला होता. "वहिनी, तिकडे चालवणार ना? ब्रेक तिकडच्यासारखे करून देतो, दहा मिनिटांचं काम," तो शबानाला म्हणाला.

शबानाने हँडलवर हात ठेवला.

"नको भावोजी," ती म्हणाली. "माझा हात हितलाच हाय."

प्रकाशने माझ्याकडे बघितलं आणि पाना खिशात ठेवला. मी कार्टन मिटून त्यावर चिकटपट्टी लावली.