होनोलुलूच्या विमानतळावरची फोडणी

होनोलुलूला उतरलो आणि आधी अंगातला कोट काढला. पंच्याऐंशीचा डिसेंबर होता. शिकागोजवळच्या शॉमबर्गला, आमच्या घरी, गुडघाभर बर्फ सोडून आलो होतो आणि इथल्या विमानतळाला निम्म्या ठिकाणी भिंतीच नव्हत्या. वारा आरपार खेळत होता, मध्ये चक्क बागा होत्या. माझ्या बायकोच्या, नलिनीच्या, शरयूमावशी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी आमच्या गळ्यात लेई (फुलांचे हार) घातल्या.

"पूर्वी इथे पाण्यावर उतरणारी विमानं यायची," गाडीत मावशी सांगत होत्या. "मग पॅसिफिक क्रॉस करणारी विमानं तेल भरायला थांबायला लागली. आता तर एक रनवे प्रवाळावर भराव घालून बांधलाय. बेटावर येणारा-जाणारा इथूनच."

आठवडाभर आम्ही समुद्र पाहिला. नलिनीचं लक्ष मात्र मावशींच्या परसातल्या कढीलिंबावर होतं. शिकागोत मिळायचा तो वाळका पाला. अमेरिकेत आल्यापासून सहा वर्षं ती स्वतःच्याच आमटीला नाक मुरडत होती. निघायच्या सकाळी तिने मोगऱ्याच्या वेणीत कढीलिंब ओवला आणि वेणी माळली.

"अहो, डोकं कोण तपासतंय?"

बेटाबाहेर जाणाऱ्या सामानाची विमानतळावर शेतकी तपासणी होते. तपासनीस बाई वयस्क होत्या. तिकडच्या रीतीने सगळे त्यांना आंटी म्हणत. त्यांनी बॅगा पाहिल्या, मग हवेत नाक फिरवलं.

"छान माळलंय. यातलं हिरवं काय?"

नलिनीने वेणी काढून दिली.

"हा पाला तुम्ही खाता?"

"हो," नलिनी म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "मी ताटाच्या कडेला काढून ठेवतो."

आंटींनी माझ्याकडे पाहिलं. मग नलिनीने पाहिलं. त्यातल्या त्यात आंटींची नजर बरी होती.

"कच्चा जाणार नाही, यातून कीड जाते," त्या म्हणाल्या. "शिजवलेला चालेल."

नलिनीचा चेहरा पडला. विमानाला दोन तास होते.

"थांब, मी मॅनेज करते," सोडायला आलेल्या मावशी म्हणाल्या आणि खाण्याच्या काउंटरवरच्या आचाऱ्याला गाठलं. त्याने हसत तव्यावर तेल सोडलं. पानं तडतडली, तशी आख्खी रांग वळून बघायला लागली.

आंटींनी एक पान मोडून पाहिलं, एक खाल्लं आणि बाकीची भरलेल्या कॉफीच्या कागदी कपावर तपासणीचा शिक्का मारला. तो कप घरापर्यंत नलिनीच्या मांडीवर होता.

शॉमबर्गला बर्फ पडतच होता. कोटही न काढता तिने आमटी टाकली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटून नुसती बसून राहिली. मला भरून आलं. सहा वर्षं हिच्या ताटात काय नव्हतं, ते मला विचारायचं सुचलंच नव्हतं.

माझ्या वाटीत दोन पानं आली होती. सवयीने बोट तिकडे गेलं. ती बघत होती.

मी दोन्ही चावून खाल्ली. जरा कडसरच होती.

"अजून आहेत का?" मी विचारलं.