दुमडीच्या आत एक थेंब

आमच्या वहिनीच्या पायाला भिंगरी आहे. चहासुद्धा ती उभ्याउभ्या पिते, आणि तोही अर्धाच. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ती डाग काढते; इस्त्रीवाले तिला ‘डागवाली’ म्हणतात, आणि तिला ते आवडतं. शाई, गंज, तेल, काहीही आणा. कपडा उजेडात धरून ती आधी नाक लावते. मग औषधाचा पहिला थेंब दुमडीच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे. रंग टिकला तरच डागाला हात. गिऱ्हाइकांनी कितीही डोकं खाल्लं तरी हा नियम ती मोडत नाही.

घरात मात्र तिला धीर म्हणून नव्हता. तिची मुलगी, आमची गिरकी, सात वर्षांची आहे आणि तिला ऑटिझम आहे. बोलत नाही, स्वतःभोवती फिरत राहते, आणि काही सोसेनासं झालं की कपाळावर तळहात मारून घेते. मग आम्ही तिचे दोन्ही हात धरून ‘शांत हो, शांत हो’ करत बसायचो. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, हळूहळू होईल. ‘हळूहळू’ ऐकलं की वहिनीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला एकदा, फक्त एकदा, ‘आई’ अशी हाक ऐकायची होती.

माझा भाऊ तिच्या दोन पावलं पुढे. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. बिघाड असला की तो सापडतो आणि निघतो, एवढंच त्याला माहीत. फोनवरच्या एका गटात त्याला एक गृहस्थ भेटला. सगळे त्याला ‘डॉक्टर’ म्हणत. कशाचा, ते कुणी विचारलं नव्हतं. त्याचे थेंब पाण्यातून दिले की मुलं बोलायला लागतात म्हणे. मी म्हटलं, दादा, या भानगडीत पडू नकोस. तर ‘तुला मूल नाही, तुला काय कळणार’ असं तोंडावर ऐकवलं. मला ते लागलं, आणि मी तो विषय सोडून दिला.

बाटली आली. वहिनीने बूच काढून नाक लावलं आणि म्हणाली, हा तर आमच्या दुकानातल्या ब्लीचचा वास. दादा म्हणाला, तुला जिकडेतिकडे दुकानच दिसतं. ती बाटली हातात घेऊन घरभर फिरत राहिली. टाकून देववेना, पोरीला द्यायला हात धजेना. पोरीला दुमड कुठून आणायची? शेवटी ओट्यापाशी उभं राहून तिने ते स्वतःच घेतलं. घाईत पाणी कमी पडलं आणि घसा पोळला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी घसा तपासून आम्हा सगळ्यांची खरडपट्टी काढली. हे मुलीच्या जवळपासही न्यायचं नाही, आणि वहिनीने बरं वाटेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. दादाने मान डोलावली, पण बाटली घरातच राहिली.

मग सुरू झाली आमची तारांबळ. वहिनी मुकी झाली, तर आम्ही तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायला लागलो. दादा प्रश्न विचारायचा आणि उत्तरही आपणच देऊन मोकळा व्हायचा. एकदा ती सारखी वर बोट दाखवत होती. मी पाणी दिलं, उशी दिली, औषध दिलं. तिने पेला भिरकावला. मला हसू फुटलं. आणि वहिनीने आपल्या कपाळावर तळहात मारून घेतला, मग पुन्हा मारला.

दादाने धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. “शांत हो, शांत हो.”

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात गिरकी कोपऱ्यातून उठली, भिंतीपाशी गेली आणि खडखडणारा पंखा बंद केला. आईसाठी केला की स्वतःसाठी, देव जाणे. पण वहिनीचे खांदे खाली आले. तिला तेवढंच हवं होतं.

दादाने ‘डॉक्टर’ला सगळं कळवलं होतं; त्याच संध्याकाळी त्याचा निरोप आला. जळजळ होते म्हणजे गुण येतोय, आता थांबू नका. दादा चाचरत म्हणाला, “पाणी जास्त घालून, अगदी थोडंसं... तिला?”

वहिनी उठली. कपाटातून त्याचा निळा कोट काढून तिने टेबलावर पसरला. हा कोट ती स्वतः धुवायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. बाटली तिने ओतली ती दुमडीच्या आत नाही, छातीवर, ऐन मध्यभागी. दादा ‘अगं, अगं’ करत राहिला. आम्ही तिघं बघत उभे होतो आणि निळ्या कापडावर तळहाताएवढा फिका ठिपका पसरत गेला. दादा खुर्चीत बसला आणि रडायला लागला. उरलेलं वहिनीने मोरीत ओतलं.

तिचा आवाज परत आला, तो आता कायमचा घोगरा आहे. परवा दादाने तोच कोट घातलेला पाहून मी तिला विचारलं, एवढी डागवाली तू, नवऱ्याचा हा डाग तेवढा निघत नाही का?

“डाग नाही तो,” ती म्हणाली. “रंग गेलाय. गेलेला रंग मला आणता येत नाही.”