१९०५चा हाफ क्राउन

वॉल्टर एंटविसल इंग्लंडमधल्या बर्नली गावच्या बसवर बावीस वर्षं कंडक्टर होता, आणि बावीस वर्षं एकाच नाण्याच्या मागे होता: सातव्या एडवर्डचा १९०५ सालचा हाफ क्राउन. अडीच शिलिंगांचं चांदीचं नाणं, पण त्या साली टांकसाळीतून फार थोडी निघाली. बाकी सगळ्या सालांची त्याच्याकडे होती. रोज ड्युटी संपली की तो तिकिटांच्या पैशांची चामडी पिशवी ओतून एकेक नाणं भिंगाखाली धरायचा.

१९६९च्या उन्हाळ्यात गावभर नाण्यांचं वेड पसरलं, कारण वर्षअखेरीला हाफ क्राउन बंद होणार होता. वॉल्टरच्याच बसचा ड्रायव्हर क्लिफ ब्रिअर्ली गंमत म्हणून वॉल्टरच्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात आला. तिसऱ्याच आठवड्यात डेपोच्या कँटीनमध्ये त्याने चहाच्या कपाशेजारी एक काळपट नाणं ठेवलं.

"वॉल्ट, हे बघ रे. काल तळलेले मासे घ्यायला गेलो, तिथे सुट्ट्या पैशांत आलं. काही कामाचं आहे का?"

वॉल्टरने साल वाचलं: १९०५. किनार पाहिली, अक्षरं पाहिली, राजाची दाढी पाहिली. खोटं असू दे, असं तो मनात घोकत होता. खोटं नव्हतं. लाखो नाणी या बोटांखालून गेली, आणि मिळालं ते याला, माशांबरोबर!

"खरं आहे," तो म्हणाला. पुढचं त्याच्या तोंडून निघून गेलं. "पण मळलंय किती! मंडळात आणण्याआधी पॉलिशने घासून काढ. आरशासारखं चमकू दे."

जुन्या नाण्याचा काळा थर म्हणजे त्याची अब्रू. घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत. हे वॉल्टरला झोपेतही ठाऊक होतं.

गुरुवारी मंडळात क्लिफने रुमाल उलगडला. नाण्यांचे व्यापारी ड्युहर्स्ट यांनी ते उचललं आणि कपाळाला हात लावला.

"अरे माणसा, काय केलंस हे! चाळीस पौंड आत्ता मोजले असते. आता दहाही देणार नाही. कोणी सांगितलं तुला घासायला?"

वॉल्टर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

"कोणी नाही. माझीच अक्कल," क्लिफ म्हणाला.

बाहेर पडल्यावर वॉल्टरने त्याला गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"घासून झाल्यावर बायको म्हणाली, तुझा तो वॉल्टर स्वतःची नाणी अशी घासतो का? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला."

"मग चार लोकांत बोलायचंस!"

"बोललो असतो तर तुला मंडळ सोडावं लागलं असतं. आणि तुझ्याकडे दुसरं आहे काय, वॉल्ट?"

शिव्या दिल्या असत्या तर वॉल्टरने मुकाट्याने खाल्ल्या असत्या. ही कीव मात्र त्याला झोंबली. माणूस चांगुलपणातही आपल्या पुढेच!

सोमवारपासून क्लिफने दुसऱ्या मार्गाची बस मागून घेतली. दिसला की मान हलवायचा, एवढंच.

नाताळात डेपोच्या नाचाला क्लिफची बायको डोरीन आली. क्लिफने त्या नाण्याचं पदक करून तिला दिलं होतं. ते तिच्या निळ्या पोशाखावर लखलखत होतं. बायका हात लावून बघत होत्या, क्लिफ हसत होता. वॉल्टर बिअरचा ग्लास धरून भिंतीशी उभा राहिला. नाण्याची किंमत आता मातीमोल, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. तरी त्याची नजर हटेना, आणि ते आपलंच असायला हवं होतं हा जळफळाटही शमेना.