भिंगरी आणि जयवंताबाईचे पाय

"पयले आपले पाय पाहा, मंग कुत्रं पाहा."

भिंगरीचं पिल्लू मागायला कोणी आलं की जयवंताबाई हेच म्हणायची. मागणारा आधी आपल्या पायांकडे पाहायचा, मग तिच्याकडे, आणि ती सुपातली ज्वारी पाखडत राहायची. जैनथपासून पैनगंगेपर्यंतची कितीतरी माणसं एवढं ऐकून रिकाम्या हातानं परत गेली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकदा ती स्वतःच पाय न पाहता कुत्रं घेऊन बसली होती.

सत्याऐंशी सालचा फाल्गुन. रामाजी धनगराच्या मेंढ्या दरसालसारख्या खतासाठी तिच्या वावरात बसल्या होत्या. त्याच्या कुत्रीला दोन पिल्लं. एक ऊन सापडेल तिथं आडवं होणारं, दुसरं काळ्या पाठीचं, उजाडल्यापासून कोकरांना फेऱ्या घालणारं. जयवंताबाईनं दुसरं उचललं.

"बाई, हे बसनारं नाही," रामाजी म्हणाला. "अन् तुमचं घर बसतं हाये. ते झोपाळू न्या, दारात शोभंल."

"झोपाले मी हाव ना घरी," ती म्हणाली.

नवरा गेल्यापासून शेत मुलगा महिपत पाहायचा, चूल सून ताराबाई पाहायची. जयवंताबाईच्या वाट्याला ओसरी आली होती आणि देवाच्या वाती. बसून बसून गुडघे आखडले होते, आणि त्यालाच ती म्हातारपण समजत होती. घरात एक तरी जीव पळता असावा, एवढंच तिला वाटलं होतं. पिल्लाचं नाव तिनं भिंगरी ठेवलं.

पावसाळा सरता सरता भिंगरी भरली, आणि गावाला कळलं की घरात काय आलंय. ती गल्लीतल्या कोंबड्या वळून एका कोपऱ्यात दाबायची. सुटलेल्या शाळेतली पोरं पुन्हा शाळेच्या ओट्यावर नेऊन बसवायची. दिवेलागणीला गावात शिरणारी गुरं उलटी नदीकडे हाकायची. दात लावायची नाही, पण सोडायचीही नाही. तिच्या अंगात काम होतं आणि दारात काम नव्हतं.

मार्गशीर्षात शेजारच्या सुधाकररावांच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड भीमपूरकडचं. लग्नाच्या दिवशी पहाटे वऱ्हाडी मंडळी लोटे घेऊन नदीच्या अंगानं पांगली. भिंगरीला पांगलेलं काही बघवत नसे. एकेकाला झुडपामागून हुडकून, पोटरीजवळ दात वाजवत, तिनं सगळ्यांना मांडवात आणून बसवलं. नवरदेवाचा मामा दोनदा उठला, दोनदा बसवला गेला.

सुधाकरराव ओसरीपुढं आले. "जयवंताकाकू, व्याह्याचा लोटा भरलेलाच वापस आला. आता त्यायले जेवाले बसा म्हनू का काय म्हनू?"

आतून ताराबाई हसली. सुधाकरराव हसले नाहीत. "कुत्रं गावात दिसाले नको," म्हणाले, आणि गेले.

महिपतनं साखळी आणली. बांधलेली भिंगरी भाकरीला तोंड लावेना. स्वतःचीच शेपटी चावून तिनं रक्त काढलं. खुंट्याभोवती, साखळी पुरेल तिथवर, मातीत एक गोल चाकोरी पडली. जयवंताबाई दिवसभर त्या चाकोरीकडे बघत राहिली. मग तिनं आपल्या बसायच्या जागेकडे पाहिलं. तिथलं सारवण घासून खड्डा पडला होता.

"माय," महिपत म्हणाला, "उद्या कापसाचा ट्रक चालला. डायवर तिले नेरडीगोंड्याच्या ढाब्यावर सोडून देतो म्हन्ते. उरलंसुरलं खाऊन जगंल."

"तिथं मोठ्या रस्त्यानं गाड्या पळतेत. हे गाड्या वळाले जाईन."

महिपतलाही ते दिसलं होतं.

"रामाजी येईस्तोवर थांब."

"त्याले दोन महिने हायेत, माय. तवरोक गाव थांबनार नाही."

गावच्या शेळ्या राखणारा चंपत त्या हंगामात आदिलाबादला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेला होता. शेळ्या दारोदार बांधलेल्या, आणि सुटल्या की उभ्या कापसात. सकाळी जयवंताबाईनं नवऱ्याची काठी खुंटीवरून काढली आणि पहिली सुधाकररावांच्याच दारी गेली.

"शेळ्या सोडा. आमी राखतो."

"काकू, तुमी एकल्या? ह्या वयात?"

"एकली काऊन? दोघी हाओत."

दहा-बारा घरच्या शेळ्या तिच्या दारापुढं गोळा होईतो महिपत पळत आला. "माय, काय करून राह्यली? लोक म्हन्तील, महिपतनं मायले शेळ्यामागं धाडलं."

"लोकायच्याच शेळ्या हायेत. त्यायले इचारून नेऊन राह्यली. साखळी सोड."

"अन् गुडघे?"

"पाहू दे तं, चालतेत का."

सडकेवरून ट्रकनं हॉर्न दिला. महिपत खुंट्याशी वाकला आणि त्यानं कडी काढली.

भिंगरी सुटली ती शेळ्यांभोवती अर्धं रिंगण घालूनच थांबली. शेळ्या एकमेकींना चिकटल्या आणि नदीच्या वाटेला लागल्या. मागून जयवंताबाई निघाली. भिंतीला हात, मग नुसती काठी, मग काठीही अर्धी उचललेली. नाल्याच्या उतारावर ती मागं राहिली. तशी भिंगरी कळप सोडून परतली, तिच्याभोवतीही एक फेरी घातली आणि तिला शेळ्यांत नेऊन मिळवलं.

ट्रक दुसऱ्यांदा वाजला. दारात पिठाच्या हातांनी ताराबाई उभी होती. महिपत हातात रिकामी साखळी घेऊन, काळी पाठ आणि पांढरं लुगडं नाल्यापार दिसेनासं होईतो बघत राहिला.