मोसंबीचं मेण आणि आमचे बप्पा

फळाला मेण एकदाच लागतं, पातळ. आमच्या परंड्याच्या शेडवरच्या किश्श्यांवर मात्र रोज नवा थर चढतो. जो सांगेल तो आपला हात फिरवूनच पुढं देतो! मी मशीनच्या पट्ट्याच्या शेवटाला बसून डागी मोसंबी बाजूला काढतो, त्यामुळं सगळं माझ्या डोळ्यांपुढूनच जातं. दमानं सांगतो.

*

मशीन आणली सुनंदाताईनं. मोसंबी धुवायची, वाळवायची, वर खाण्याच्या मेणाचा हलका फवारा, मग ब्रश. फळ लवकर सुकत नाही. पण जागा तिच्या सासऱ्याची, बप्पांची. पहिल्याच दिवशी त्यांनी चकचकीत मोसंबी उन्हात धरली.

"हे फळ हाय का रंगवलेली भित?"

बप्पा पुढं म्हणाले, "सुनंदा, एक गाडी जरी माघारी आली, तर मशीन भंगारात आन् शेडात माझी जनावरं!"

"व्हय मामंजी," एवढंच ताई म्हणाली. तेव्हापासून ट्रक सुटला की तिला घास गोड लागायचा नाही.

*

पेटीवर लेबल असतं, 'मेणाचा थर दिलेला आहे'. बप्पांनी ते वाचून घेतलं आणि उडालेच.

"करायचं ते करायचं, वर बोंब बी आपणच मारायची?"

"नियम हाय मामंजी. गिऱ्हाइकाला कळाया पायजे."

"कळल्यावर घील का त्यो?"

ताईनं लेबलं मात्र एकेक करून चिकटवली.

*

खंडेनवमीला कौसल्यानं मशीनची पूजा केली. ही निवडणाऱ्या बायांतली पुढारी. भक्ती लई, कुंकू थेट ब्रशांना! ट्रक दाराशी उभा. बटण दाबलं आणि पिवळी मोसंबी गुलाबी होऊन बाहेर!

तेवढ्यात बप्पांच्या चपला वाजल्या. कौसल्या पदर खोचून दारात आडवी.

"बप्पा, तितंच थांबा. आरती चाललीय!"

आम्ही ब्रश धुईस्तवर ती आरत्या म्हणत राहिली. देवीची संपली, गणपतीची संपली, शंकराची, मारुतीची... बप्पा हात जोडून उभे. शेवटी म्हणाले, "मशीनला एवढे देव लागत्यात व्हय?"

*

आणि ही उमरग्याची गाडी. तिथल्या व्यापाऱ्याचा फोन, "माल उतरवणार न्हाय!" फळांना मेणबत्तीचं मेण फासतात, असला व्हिडिओ कुणीतरी त्याला दाखवलेला.

बप्पा शेजारीच बसलेले. "चल, मी बी येतो. गाडी माघारी येताना माझ्या डोळ्यांनी बघतो."

जीपमध्ये ताई, बप्पा, मी.

तिथं गर्दी. व्यापाऱ्यानं नखानं साल खरवडली. "हे बघा, मेणबत्ती!"

"न्हाय हो," ताई म्हणाली. "लाखेपासून केल्यालं, खाण्याचं हाय. नियमात बसतंय."

"नियम ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरात खातंय का कोन?"

ताईनं बप्पांकडं बघितलं. घरात ही मोसंबी बप्पाच येऊ देत नव्हते.

"बघा, गप्प!" गर्दीतून आवाज आला.

बप्पा पुढं झाले. "मी खातो. रोज!"

पेटीतली एक उचलली आणि सालीसकट कचकन चावा! चावत राहिले, गिळत राहिले. डोळ्यांत पाणी, पण नजर व्यापाऱ्यावर. सगळी संपवली.

"उतरवा रे," व्यापारी हळूच म्हणाला.

परतीला ताईनं पाण्याची बाटली पुढं केली. "मामंजी, सोलून तरी खायाची!"

बप्पांनी खिडकीतून चूळ टाकली.

"आन् मेण कुणी खायाचं?"